एका मिनिटाला किती निरोप

दसरा झाला की माझी धास्ती सुरू होते. बाहेर खरं तर सगळं छान असतं. ऊन पिवळं पडलेलं असतं, तुरी फुलात आलेल्या असतात, केजच्या बाजारात झेंडूचे उरलेले ढीग कोणी विचारत नसतं. पण रस्त्याला ट्रॅक्टर लागायला लागतात. एकाला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीत पातेली, गोधड्या, खाट, खाटेला बांधलेली शेळी, कोंबड्यांचं खुराडं, आणि सगळ्यात वर माणसं. ऊस तोडायला निघालेली. ती रांग आमच्या ऑफिसखालून जाते तेव्हा खिडकीच्या काचा थरथरतात. मी कंप्युटरसमोर बसून एक फाईल उघडते, वाचते, बंद करते. परत उघडते. शकीलभाई म्हणतात, "बेटा, पाठ झाली असंल की आता. म्हणून दाखव." मी त्यांच्याकडं बघत नाही, कारण ती खरंच पाठ आहे आणि तरी माझा भरवसा नाही.

मी मुळातच काळजीखोर. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जाते आणि परत येऊन ओढून बघते. माय म्हणते, या पोरीला नवरा मिळाला तर तो बी रोज ओढून बघील, हाय का गेला. अशा माणसाला देवानं नेमकं हे काम द्यावं, ज्यात एक तिरपा कंस राहिला तर सगळंच राहतं.

ऑफिस म्हणजे खत-बियाण्याच्या दुकानावरची एक खोली. जिना चढतानाच फवारणीच्या औषधाचा उग्र वास नाकात शिरतो आणि दिवसभर कपड्यांत राहतो. आम्ही दोघंच. शकीलभाई पूर्वी रेडिओ-टेप दुरुस्त करायचे, ते दुकान बंद पडलं, आता ते फोनवर बसतात. आष्टीपासून केजपर्यंतची जी माणसं हंगामाला बाहेर जातात त्यांनी अडीनडीला एका नंबरवर निरोप टाकायचा, अशी ही सोय. निरोप इतके येतात की एकेक वाचायचा म्हटलं तर सकाळी जिला दवाखाना हवा होता तिचा निरोप दिवस मावळताना हाताला लागायचा. म्हणून एक प्रोग्रॅम आहे. तो निरोप वाचतो आणि तीन टोपल्यांत टाकतो. दवाखाना, शाळा आणि इतर. दवाखान्याच्या टोपलीत पडलेला निरोप पडद्यावर लाल होतो आणि शकीलभाई लगेच फोन लावतात, तिकडच्या नर्सबाईंना, सरकारी दवाखान्याला, ज्याला लागेल त्याला. बाकीच्यांना मी उत्तरं टाकते. कोणता निरोप कोणत्या टोपलीत, हे त्या प्रोग्रॅमला समजावून सांगायचं काम माझं, आणि ते सांगायचं एक्सएमएलच्या फायलींमधून.

ते एक्सएमएल म्हणजे काय गं, असं मायनं विचारलं होतं. मी सांगितलं, डब्यात डबे. प्रत्येक डब्यावर नाव लिहायचं, आत ठेवायचं ते ठेवायचं आणि झाकण लावायचं. झाकणावर परत तेच नाव. आतल्या डब्याचं झाकण आधी, बाहेरच्याचं नंतर. एक झाकण विसरलं तर प्रोग्रॅम उठतच नाही, सगळ्यांचे निरोप दारातच पडून राहतात. मायनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग बरं हाय की. तुझ्या बापानं उभ्या जन्मात एक डबा झाकला न्हाई. त्यालाच कावून न्हाई शिकवलं हे?"

फायली तीन आहेत. पहिल्या फायलीत निरोप कुठून उचलायचे ते. दुसरीत नियम, म्हणजे कोणता शब्द दिसला की कोणती टोपली. आणि तिसरी दारावरची. आत कोणाला घ्यायचं आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचं, ते तिच्यात लिहिलेलं. प्रोग्रॅम बनवणारे कुठल्या तरी लांबच्या देशातले, त्यांनी ती तयार करूनच दिलेली. आम्हाला शिकवायला पुण्याहून एक सर आले होते, भले माणूस, त्यांनी जाताना बजावलं होतं की नियमांच्या फायलीत वाटेल ते करा, दारावरच्या फायलीला हात लावू नका. मी आज्ञाधारक मुलगी. नाही लावला.

नियमांच्या फायलीनं मात्र मला वेड लावलं. एका मुकादमानं आपल्या ऊसतोड टोळीच्या नावात दोन शब्दांच्या मधे ‘अँड’चं ते वेटोळं इंग्रजी चिन्ह घातलं होतं, जे दुकानांच्या पाट्यांवर असतं. एक्सएमएलला ते चिन्ह उघडं चालत नाही. मी ते नाव जसंच्या तसं फायलीत चिकटवलं आणि एके सकाळी सगळं मुकं झालं. चूक दाखवली भलत्याच ओळीवर. मी फायलीतली ओळ न् ओळ बोट ठेवून वाचली, घामाघूम झाले, शकीलभाईंनी मला दोनदा चहा पाजला. सापडलं तेव्हा माझी सुटका व्हायच्याऐवजी धडकीच भरली. एवढ्याशा वेटोळ्यानं जर हे होत असेल तर आणखी काय काय असेल, जे मला अजून माहीतच नाही?

त्या फायलीत स्वतःसाठी टिपण लिहून ठेवायची सोय असते. विशिष्ट खुणांच्या मधे लिहिलं की यंत्र ते वाचत नाही, वगळून पुढं जातं. माझ्या फायलीत नियमांपेक्षा टिपणंच जास्त. 'हा नियम वर ठेवायचा, खाली गेला तर आधीचा नियम जिंकतो.' 'इथं नीट बघ.' 'परत बघ.' एका ठिकाणी नुसतंच 'देवा' असं लिहिलंय. ते मी कधी लिहिलं ते आठवत नाही, पण पुसलेलं नाही.

सगळ्यात जास्त दिवस गेले दुखण्याचे शब्द गोळा करण्यात. यंत्राला 'दुखतंय' माहीत करून दिलं तरी आमच्या बायका दुखतंय म्हणतील तर ना. कोणाला कळ येते, कोणाला चमक निघते, कोणाचं ठणकतं, कोणाचं अंग मोडून येतं, कोणाला गरगरतं, कोणाच्या पोटात नुसतं 'कसंतरी' होतं. त्यात कोणी मराठीत लिहिणार, कोणी इंग्रजी अक्षरांत मराठी. आमच्या घराच्या ओट्यावर बायका शेंगा फोडायला बसल्या की मी मोबाईल घेऊन मधे बसायचे. सगळ्यात जास्त शब्द दिले वैनीनं. वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, मंगल. दहावी झालेली, अक्षर सुरेख. भाकरी थापता थापता सांगायची, "लिवा ताई, डोळ्यापुढं अंधारी. लिवा, पायाला सूज. बोट दाबलं की खड्डा पडतो, असं बी म्हणतात बायका, ते बी लिवा." मी तिच्यापेक्षा लहान, तरी ती मला ताई म्हणायची आणि तुमी म्हणायची. तिच्या पिठाच्या हाताकडं बघत मी ते सगळं लिहून घेतलं. 'सूज' हा शब्द फायलीत आहे तो तिनं दिलेला आहे.

हे शब्द गोळा केले त्याच वर्षी वैनीला दिवस गेले होते. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, सगळ्यांनी विचारणं सोडून दिल्यावर. दादा-वैनी ऊस तोडायला निघायच्या आधी माय आम्हाला सगळ्यांना घेऊन कपिलधारला गेली. पावसाळा सरून गेलेला, धबधब्याला धार बारीक. वैनीनं ओंजळीत पाणी घेतलं आणि डोळ्यांना लावलं, आणि मग माझ्याही डोळ्यांना लावलं. "तुमाला लई बघावं लागतं ताई, त्या पडद्यात," म्हणाली. येताना जीपमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली आणि मी हलले नाही, हात मुंग्यांनी भरून गेला तरी.

मग ते गेले. दादा, वैनी, सगळी टोळी. गाव रिकामं झालं. जे मागं राहतात त्यांना ते रिकामेपण अंगावर येतं. गिरणीत रांग नसते, हापशावर भांडण नसतं, शाळेच्या मैदानावर चारच पोरं असतात आणि त्यांना खेळायला धड दोन बाजू होत नाहीत. माय दारात बसून उगीच रस्त्याकडं बघत राहते. पण मला त्या वर्षी एक आधार होता. माझं काम. वाटायचं, बाकीच्यांच्या बायाबापड्या गेल्या त्या गेल्या, माझी वैनी माझ्या पडद्यावर आहे.

टोळीत निरोप टाकायची रीत अशी होती. उसाच्या फडात रेंज नसते. संध्याकाळी ऊस तोडून, मोळ्या वाहून, चूल पेटवून झाली की बायका वैनीच्या कोपीसमोर, म्हणजे पाचटाच्या झोपडीसमोर, येऊन बसायच्या. लिहिता येणारी ती एकटी. एकेक जण सांगायची, वैनी दादाच्या फोनवर टाईप करायची. सगळे निरोप फोनमध्येच अडकून राहायचे. सकाळी उसाचा ट्रॅक्टर कारखान्याच्या वजनकाट्याला जायचा, दादा बरोबर असायचा, तिथं फोनला रेंज लागायची आणि रात्रभर अडकलेले सगळे निरोप एका दमात सुटायचे. आमच्या पडद्यावर ते एकाखाली एक येऊन पडायचे. 'पोरीच्या शाळेचा दाखला पायजे.' 'सासूला गोळ्या संपल्या का इचारा.' 'माझ्या हाताला कोयता लागला, पू झालाय.' मी उत्तरं टाकायचे, दादा काट्यावर असेपर्यंत ती पोचायची, आणि संध्याकाळी वैनी ती ज्याची त्याला वाचून दाखवायची.

त्यात वैनीचा निरोप नसायचा. पहिले काही दिवस मी शोधला. मग मला वाटलं, बरंच आहे, म्हणजे तिला काही होत नाहीये. तिच्या बोटांनी टाईप केलेलं रोज येतंय, म्हणजे बोटं चालतायत, म्हणजे ती बसतेय, उठतेय, खातेय. काही झालं असतं तर तिनं लिहिलं नसतं का? दादाचा मधेच काट्यावरून फोन यायचा. मागं कारखान्याच्या मशीनची घरघर, त्यात तो ओरडायचा, "सगळं बरं हाय. मायला सांग." मी मायला सांगायचे. माय म्हणायची, "पोरगी काय म्हणती?" मी म्हणायचे, काही म्हणत नाही, बरी आहे. शकीलभाई कधी म्हणायचे, "एक फोन करून बघ ना वैनीला." मी म्हणायचे, फोन दादाजवळ असतो, ती फडात असते, कशी करू? आणि खरं सांगायचं तर माझी काळजी, जी कुलूपसुद्धा चारदा ओढून बघते, ती इथं निवांत झोपली होती. मला वाटायचं, यंत्र आहे ना.

संक्रांत होऊन गेली होती. फोन आला तो दादाचाच, पण मागं मशीनचा आवाज नव्हता. एवढंच म्हणाला, "मायला घेऊन ये. हितल्या सरकारी दवाखान्यात हाओत." आमच्याकडं फोनवर यापेक्षा जास्त कोणी सांगत नाही. मी आणि माय एसटीत बसलो. कोणत्या कोणत्या बस बदलल्या ते आठवत नाही. एवढं आठवतं की माय वाटेत मांडीवरची भाकरीची फडकी सारखी सोडून परत बांधत होती.

वैनी भिंतीकडं तोंड करून पडली होती. बाळ गेलं होतं. मुलगी होती. वैनीलाही झटके आले होते, ती वाचली हेच मोठं, असं नर्सबाई म्हणाल्या. तिचे पाय चादरीतून बाहेर आले होते, अजून सुजलेले. माय पायाशी बसली आणि त्या पायांवर हात फिरवत राहिली. आणि मी जे बोलू नये तेच बोलले. "वैनी, एक निरोप टाकायचा ना गं."

ती वळली नाही. म्हणाली, "टाकला की."

"कधी?"

"रोजच टाकत होते. पाय सुजलेत म्हणून टाकला. डोकं लई दुखतंय म्हणून टाकला. अंधारी येती म्हणून टाकला." मग म्हणाली, "बाकीच्यांना तुमची उत्तरं यायची, मी वाचून दाखवायचे. माझं काई यायचं न्हाई. मला वाटलं, ताई वाचती, तिथं डॉक्टर बी असंल, घाबरायसारखं असतं तर बोलली असती ना. म्हणून मी काम करीत राहिले."

ती तिकडं माझ्या गप्प राहण्यावर विश्वास ठेवून ऊस तोडत होती. मी इकडं तिच्या गप्प राहण्यावर विश्वास ठेवून चहा पीत होते. दोघी एकमेकींमुळं निवांत.

बाहेर बाकावर दादा बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांत घालून. मी विचारलं, दादा, तुझ्याच फोनमध्ये होतं ना सगळं, तू एकदाही बघितलं नाहीस? तो माझ्याकडं असा बघायला लागला की जणू मी काही वावगं बोलले. "बायकांचं ते. आपण कावून वाचावं?" मला त्याच्यावर चिडता आलं नाही. कोणाच्या अंगावरून जातंय, कोणाचा नवरा हात उचलतो, सगळं त्या फोनमध्ये असायचं. बायका तो फोन डोळे झाकून वापरायच्या त्या दादा वाचत नाही म्हणूनच. फोन खिशात घालून तो रोज काट्यावर गेला आणि रोज इमानानं परत आला.

केजला परतल्यावर मी दारावरची फाईल उघडली. लहानशीच होती. वरून दहा-बारा ओळी खाली एक आकडा होता. एका नंबरवरून एका मिनिटात जास्तीत जास्त किती निरोप आत घ्यायचे, त्याचा आकडा. पाच. त्याच्यावर आले तर टाकून द्यायचे, ठेवायचेही नाहीत, कळवायचंही नाही. तिथं त्यांच्या भाषेत एक टिपणही होतं की एवढ्या घाईनं निरोप टाकणारा माणूस नसतो, जाहिरातवाला असतो. बरोबरच होतं त्यांचं. त्यांच्या देशात एका फोनला एकच माणूस असणार. पाच बायका चुलीपाशी बसून एका फोनमध्ये आपलं दुखणं घालतात आणि ते सकाळी काट्यावर एकदम सुटतं, हे त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार? आणि बायका पाच नव्हत्या, नऊ होत्या.

मग मला टोळीतल्या इतर बायकांना उत्तरं कशी मिळत होती, तो हिशेब लागला. ज्या दिवशी जिला उत्तर आलं नाही तिला वैनी दुसऱ्या दिवशी पहिली बसवायची. आळीपाळीनं सगळ्यांचं होत होतं. फक्त स्वतःचं ती शेवटी टाकायची. कधीच वर नाही, रोज शेवटी. घरात सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवणारी बाई, तिनं दुसरं काय केलं असतं. आणि शेवटचा निरोप रोज दारातूनच परत जात होता.

मी तो आकडा पुसला आणि मोठा टाकला. तो दोनदा चुकीचा पडला. पुण्याच्या सरांना फोन केला, त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, मलाही सुचलं नसतं. शकीलभाई खिडकीपाशी उभे राहून रस्ता बघत होते. म्हणाले, "बेटा, खुदाच्या घरी बी असंच दार नसावं म्हणजे झालं." मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले, आणि तेही चिडूनच.

पण आकडा मोठा करून भागत नाही, हे आठ दिवसांत कळलं. दार उघडं पडल्यावर लॉटरीवाले घुसले, कर्जवाले घुसले, कोणाकोणाच्या जाहिराती. खरे निरोप त्यांत बुडायला लागले. शेवटी दार परत आवळलं आणि त्याच्या आत एक वेगळा डबा केला. त्या डब्यात टोळ्यांचे नंबर. हे नंबर आले की मोजायचं नाही, सगळं आत घ्यायचं. म्हणून दसरा झाला की माझी धास्ती. कारण नंबर बदलतात. कोणी नवं सिम घेतं, कोणाचा फोन ऊस भरताना ट्रॉलीखाली जातो, टोळी फुटते, नवी होते, आणि कोणी मला कळवत नाही. जो नंबर डब्यात नाही त्याच्या मागच्या बायका दाराबाहेर, आणि मला त्याचा पत्ताही नाही. जे येतं ते मी बघू शकते. जे आलंच नाही ते कसं बघायचं? त्यासाठी कोणती फाईल उघडायची? मी बाजारात, स्टँडवर, ट्रॉल्यांच्या मागं फिरून नंबर विचारते. लोक हसतात. एक मुकादम म्हणाला, ही बाई निवडणुकीला उभी राहणार दिसती.

आणि या वर्षी वैनीला परत दिवस गेलेत.

ती जाणार म्हटल्यावर मी घर डोक्यावर घेतलं. माय माझ्या बाजूनं होती, दादा कोणाच्याच बाजूनं नव्हता. वैनी गोधड्यांची वळकटी बांधत होती. म्हणाली, "मी राहिले तर तुमचे दादा अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला टोळीत कोण घेतंय?" नवराबायको मिळून एक कोयता, तशीच मोजणी असते तिकडं. मी म्हणाले, मग एक कर. मागच्यासारखं करायचं नाही, पहिला निरोप तुझा टाकायचा, मग बाकीच्यांचे. ती हात थांबवून माझ्याकडं बघत राहिली.

"बायका पुढ्यात बसलेल्या असतात, ताई. दिवसभर वाकून आलेल्या. त्यांना तसंच बसवून आपलंच आधी टाकायचं? लाज न्हाई वाटत?"

"नाही वाटत," मी म्हणाले.

"तुमाला न्हाई वाटत," ती हसून म्हणाली आणि गाठ आवळली.

ती गेली. तिच्या नंबराची ओळ मी डब्यात घातली आणि तेव्हापासून रोज सकाळी उघडून बघते, कोणी रात्रीतून काढून नेली नाही ना. दादा काट्यावर पोचला की निरोप पडायला लागतात. मी वरचे आधी वाचतच नाही खरं तर, यंत्र वाचतं, शकीलभाई वाचतात. माझी नजर खाली असते. शाळेचं, गोळ्यांचं, शेळीचं, कोणाच्या तरी नवऱ्याचं, सगळं येऊन जातं आणि शेवटी तिचा येतो. 'मी बरी हाय. माय जेवती का.' तोपर्यंत मी खुर्चीवरून उठत नाही, आणि तो आला की चहा सांगते. शकीलभाई आता चहाही त्याच हिशेबानं मागवतात. एवढ्या दिवसांत एकदाही तिनं माझं ऐकलं नाही. मी उत्तरात रोज लिहायचे, आधी तुझं टाक. ती दुसऱ्या दिवशी परत शेवटी.

मला राग यायचा. पण हळूहळू त्या शेवटच्या ओळीची मला सवय लागली. वाटायला लागलं, ती शेवटी आहे तोवर सगळं ठीक आहे. जे मोडायला मी निघाले होते त्याच्यावरच माझा जीव टांगलेला. माणसाचं मन किती लवकर कशालाही टेकतं.

आज सकाळी खाली ट्रॅक्टर चालले होते, उशिरा निघालेल्या टोळ्या. काचा थरथरत होत्या. पडद्यावर पहिला निरोप पडला तो लाल होता, आणि तो वैनीचा होता.

'ताई, पाय लई सुजलेत. डोळ्यापुढं अंधारी येती. मला आजच दवाखान्यात न्यायला सांगा.'

त्याच्याखाली बाकीच्या बायकांचे येत राहिले. मी ते बघितले नाहीत. मी घाबरले, खूप घाबरले. आणि त्यातच मला इतका आनंद झाला की माझी मलाच शरम वाटली. तिनं मागितलं होतं. सगळ्या बायकांना पुढ्यात बसवून तिनं आधी स्वतःचं टाकलं होतं.

शकीलभाई तिकडच्या दवाखान्याला फोन लावत होते. मी दादाला लावला. मागं मशीनची घरघर होती.

"काय गं?" तो ओरडला. "सगळं बरं हाय की."

"दादा, वैनीचा निरोप आलाय."

"मग?"

"तुझ्या फोनवरूनच आलाय. तुझ्या हातात आहे तो. उघड."

"बायकांचं हाय ते. मी न्हाई उघडत."

"उघड, दादा. पहिलाच आहे. वाच."

मशीनची घरघर थोडी लांब गेली, तो बाजूला झाला असावा. मग त्याचा आवाज आला, शाळेत वाचायचा तसा, एकेक शब्द सुटा करून. पाय. लई. सुजलेत. पुढचं त्यानं मनात वाचलं असावं.

"ट्रॅक्टर हितंच सोडतो," तो म्हणाला.

फोन त्यानं बंद केलाच नाही. ऊस लादलेल्या गाड्यांमधून तो पळत निघालेला मला ऐकू येत होता.